दुसरा भाग बोर झाला? आधी पेन्सिल घ्या, मग शिव्या द्या

आवडत्या सिरीजच्या दुसऱ्या भागाची प्रीऑर्डर करून झाली, कव्हर आलं तेव्हा ग्रुपवर उड्या मारून झाल्या, पुस्तक घरी आलं त्या दिवशी क्लासला दांडीसुद्धा मारून झाली, आणि आता दीडशे पानं गेल्यावर लक्षात येऊन राहिलं की आपण तोच पॅरेग्राफ तिसऱ्यांदा वाचून राहिलो आणि मोबाइल कधी हातात आला ते कळलंच नाही. पहिला भाग तर दोन रात्रीत संपवला होता ना बे, मग ह्याला काय झालं?

वायए (यंग अडल्ट, म्हणजे टीनेजर वाचकांसाठीची) फँटसी वाचणाऱ्या पोट्ट्यापोट्टींमधे हे इतकं कॉमन आहे की माझ्याकडे कोणी ना कोणी तोंड पाडून येतच असते. "मावशी, सेकंड पार्ट एकदम बकवास निघाला." मी विचारते, काहून? तर उत्तर येते, "माहीत नाही, बोर आहे." इथेच माझं डोकं फिरते. बोर आहे म्हणजे काय आहे? कोणत्या पानापासून, कोण आलं की, काय चालू असलं की? एवढं कळलं तरच पुढचं ठरवता येते, म्हणजे पुस्तक सोडायचं, रेटायचं की तिसरा भाग येईपर्यंत बाजूला ठेवायचं. ते शोधून कसं काढायचं तेच खाली सांगते. पुस्तक कोणतंही असो, पद्धत चालते.

आधी पुस्तक सोडून बाकीचं तपासा

हातातली कॉपी ओरिजनल आहे का ते पाहा. हसू नका. जी सिरीज गाजते तिच्या पायरेटेड कॉप्या लगेच फुटपाथवर येतात, दीडशे-दोनशेत मिळते म्हणून आपण उचलतो, आणि त्यात कधी सोळा पानं गायब असतात, कधी तीच सोळा पानं दोनदा लागलेली असतात, कधी नकाशा इतका काळा छापलेला असतो की नदी कुठली आणि रस्ता कुठला ते समजत नाही. चॅप्टर अचानक उडी मारते असं वाटलं तर लेखिकेला शिव्या देण्याआधी पान नंबर मोजा. एक पोट्टा मला तावातावाने सांगून राहिला होता की व्हिलन मेला कसा हे लेखिकेनं दाखवलंच नाही, आणि पुस्तक उघडून पाहिलं तर ३०४ नंतर थेट ३२१. व्हिलन त्या मधल्या पानात मेला होता बिचारा.

दुसरं, तुम्ही पहिला भाग केव्हा वाचला होता ते आठवा. आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे पहिला भाग दहावीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कुलर फुल स्पीडवर, दुपारी कोणी हाक मारणारं नाही, अशात सलग वाचलेला असतो. आणि दुसरा येतो बारावीच्या वर्षात, नीट नाहीतर जेईईच्या टेस्ट सिरीजच्या मधात, रात्री अकरानंतर वीस-वीस पानांच्या तुकड्यात, उद्या फिजिक्सचा पेपर आहे हे डोक्यात ठेवून. त्यात मधली दोन वर्षं तुमची पण गेलेली असतात, पंधराव्या वर्षी ज्या डायलॉगवर जीव ओवाळून टाकला होता तो सतराव्या वर्षी फिल्मी वाटतो, त्यात पुस्तकाचा दोष नाही. म्हणून तुकड्यात वाचून बोर झालं असेल तर एखाद्या रविवारी सलग दोन तास काढून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून साठ-सत्तर पानं वाचून पाहा. तेव्हाही कंटाळा आला तर मग पुढे जाऊ.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ही कोणी कबूल करत नाही. आपल्यातले बरेच जण इंग्रजीत वाचतात पण विचार मराठीत नाहीतर हिंदीत करतात. पहिल्या भागाचं इंग्रजी साधं असते कारण गोष्ट एका गावातल्या एका पोरीची असते, पळापळ असते, डायलॉग असतात. दुसऱ्या भागात तीच पोरगी दरबारात जाते, तिथे सरदार, तह, वंशावळ्या, दीड-दीड पानांची भाषणं, वाचायचा स्पीड अर्धा होतो आणि आपल्याला वाटते की गोष्टच हळू झाली. ओळखायचं कसं? एक पान मोठ्यानं वाचा आणि काय झालं ते कोणाला तरी मराठीत चार वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर तो कंटाळा नाही, दमणूक आहे. अशा वेळी ऑडिओबुक मिळत असेल तर ते लावून सोबत पुस्तक धरलं की फार फरक पडतो. सांगता येते आणि सांगताना स्वतःलाच जांभई येते, असं असेल तर मात्र पुस्तकाकडेच पाहावं लागेल.

उजळणी कितीशी करायची हेही ठरवून घ्या. पुष्कळ जण दुसरा भाग उघडायच्या आदल्या आठवड्यात पहिला पूर्ण परत वाचतात. मी म्हणते नका करू. पहिल्याची गोडी तोंडात ताजी असते, मग दुसऱ्याचं प्रत्येक पान त्याच्यापुढे फिकंच वाटणार. पहिल्याचे शेवटचे तीन-चार चॅप्टर वाचा, एका कागदावर कोण कुठे उभं आहे, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोणाला काय माहीत आहे एवढं लिहा, बास. आणि जादूचे नियम लिहायला विसरू नका, ते पुढे कामी येतील.

आता पेन्सिल

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, किंवा लायब्ररीचं असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर, जेव्हा जेव्हा पुस्तक खाली ठेवाल तेव्हा तेव्हा पान नंबर आणि एक शब्द लिहायचा. जेवायला बोलावलं म्हणून ठेवलं ते नाही लिहायचं, कंटाळून ठेवलं तेच. आणि जिथे हाक मारूनही उठला नाहीत ते पान पण लिहायचं, त्याच्यापुढे एक चांदणी.

माझ्या भाचीची अशी एक चिठ्ठी माझ्याजवळ आहे. पुस्तकाचं नाव नाही सांगत, तिचं अजून पहिल्या भागावर प्रेम आहे. गोष्ट अशी की हिरॉइन बाजारात नकली ताईत विकणारी, जिभेनं तिखट, पहिल्या भागाच्या शेवटी नशिबानं राजवाड्यात पोचते. दुसऱ्या भागावरची चिठ्ठी अशी होती:

५८ मीटिंग. ८८ मीटिंग. ११२ हा कोण? १३९ परत मीटिंग. १७१ रडणं. १९० हा कोण? २०३ मीटिंग. २३१ चांदणी. २७४ मीटिंग.

भाचीचं म्हणणं होतं की हिरॉइनचं कॅरेक्टर बिघडवलं. चिठ्ठी वाचली तर वेगळंच दिसलं. २३१ वर काय आहे ते आम्ही दोघींनी उघडून पाहिलं. तिथे हिरॉइन खजिन्याच्या मंत्र्याला एक फुटका ताईत भाव वाढवून वाढवून विकते, तो हो म्हणतो तेव्हा ही उलट म्हणते की जाऊ द्या, तुम्हाला झेपणार नाही, आणि मंत्री मागे लागतो. तिथून चाळीस पानं पोरगी उठलीच नव्हती. म्हणजे पोरगी तीच होती, तिची जीभ तीच होती, फक्त लेखिकेनं तिला अशा खोलीत बसवून ठेवलं जिथे विकायला काही नाही आणि फसवायला कोणी नाही. पहिल्या भागात जी मजा होती ती घासाघीस करण्यातून येत होती, राजवाड्यात नेताना घासाघीसच बाहेर राहून गेली. हे कळल्यावर भाची जरा शांत झाली आणि मग तिनं मीटिंगचे चॅप्टर वरवर चाळून उरलेलं पुस्तक पुरं केलं, आणि शेवट तिला आवडला पण.

चिठ्ठीत एकच शब्द परत परत येत असेल तर तुमचा रोग सापडला. प्रत्येक वेळी वेगळा शब्द असेल तर बहुधा पुस्तक सगळीकडूनच ढिलं आहे, किंवा तुमचं मन सध्या वाचनात नाही.

नेहमीचे रोग आणि ते कसे ओळखायचे

सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे मधल्या भागाचा रोग. गोष्ट एकच, तीन भागात पसरलेली, त्यामुळे मधल्याला ना स्वतःची सुरुवात ना शेवट. पाहायचं एवढंच की पहिल्या पन्नास पानात हे पुस्तक कोणता प्रश्न उघडते आणि शेवटी त्याच प्रश्नाचं उत्तर देते का. मोठा प्रश्न, म्हणजे काळ्या राजाला कोण मारणार वगैरे, तो तिसऱ्यासाठी ठेवला तर चालते, पण ह्या भागाचा आपला एक लहान प्रश्न पाहिजे. हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ मधे आला आणि दुसरा १९९८ मधे, म्हणजे मधे फक्त एक वर्ष, तरी तो मधला भाग वाटत नाही, कारण जवळपास प्रत्येक पुस्तक शाळेचं एक वर्ष घेते आणि त्या वर्षातलं कोडं त्याच वर्षात सुटते. याच्या उलट टॉल्किनचं. लॉर्ड ऑफ द रिंग्ज त्यानं एकच कादंबरी म्हणून लिहिली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग होता म्हणून प्रकाशकानं तिचे तीन खंड केले आणि १९५४-५५ मधे ते काढले. त्यामुळे दुसरा खंड सुटा उचलून कोणी म्हणेल की याला शेवट नाही, तर नाहीच, तो शेवटासाठी लिहिलाच नव्हता. तुमच्या सिरीजमधे यातलं कोणतं आहे ते पाहा. एकच गोष्ट तुकड्यात असेल तर मधल्या तुकड्यावर पक्कं मत तिसरा वाचल्याशिवाय देऊ नये. पण आधीच म्हणून ठेवते, ह्या सवलतीचा फायदा घेऊन चारशे पानं घोड्यावरून नुसतं फिरवणारे लेखक पण आहेत, त्यांना सूट नाही.

मग गैरसमजाचा रोग. पहिल्या भागाच्या शेवटी जोडी जमली, आता दुसऱ्यात करायचं काय, तर दोघांत भांडण लावा, नाहीतर तिसरा कोणी हिरव्या डोळ्यांचा आणून उभा करा. टेस्ट सोपी आहे. ह्या दोघांना आपल्या नागपुरात शंकर नगर चौकात चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बसवलं तर भांडण मिटते का? मिटत असेल तर ते भांडण फक्त पानं भरायला आहे. मिटत नसेल, म्हणजे एकाला खरंच असं काही पाहिजे जे दुसऱ्याच्या जिवावर उठते, तर ती गोष्ट आहे, मग तुम्हाला कितीही त्रास होवो. दुसऱ्या भागात आवडती जोडी तुटली म्हणून पुस्तकाला एक स्टार देणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

जादूचा हिशोब हा तिसरा रोग, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येते. पहिल्या भागात जादू केली की नाकातून रक्त येते, एक आठवण जाते, केस पांढरा होते, काही ना काही किंमत असते आणि त्या किमतीमुळेच आपण श्वास रोखून वाचतो. दुसऱ्यात जादू एकदम फुकट होते, हात हलवला की फौज आडवी. किंवा उलटं, पहिल्यात सगळं शिकून झालेली पोरगी दुसऱ्याच्या सुरुवातीला काही कारण नसताना सगळं विसरते, म्हणजे परत शिकवणीचे चॅप्टर लिहायला मोकळे. तुम्ही तो नियमांचा कागद केला होता ना, तो काढा. नियम मोडला तिथे खूण करा. मोडण्याचं कारण पुस्तकात सापडते का पाहा, सापडलं तर लेखिकेला मानावं, नाही सापडलं तर तुमची तक्रार एकदम रास्त आहे आणि ती पान नंबरसकट करता येते.

नकाशा मोठा होणे. पहिल्यात एक गाव, एक जंगल, एक किल्ला. दुसऱ्यात पुस्तक उघडल्या उघडल्या दोन पानी नकाशा, अकरा राज्यं, मागे शब्दार्थ. नकाशावर बोट ठेवून पाहा की यातल्या किती ठिकाणी कोणी जाते आणि किती नुसती नावं आहेत. जिथे कोणी जात नाही ती नावं पाठ करायची गरज नाही, बिनधास्त सोडा, काही अडत नाही.

पुनरावृत्तीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण यात लोक घाई करतात. पहिल्यात स्पर्धा होती, दुसऱ्यात परत स्पर्धा, की लगेच कॉपी कॉपी सुरू. हंगर गेम्सचं उदाहरण घ्या, फँटसी नाही म्हणा ते, पण वाचक आपलेच. पहिला २००८, दुसरा २००९, आणि दुसऱ्यात हिरॉइन परत त्याच जीवघेण्या स्पर्धेत. पण ह्या वेळी समोर अनोळखी पोरं नाहीत, आधीच्या वर्षांचे विजेते आहेत, म्हणजे जिंकून सुटले असं ज्यांना सांगितलं होतं तेच लोक. स्पर्धा तीच राहिली आणि तिचा अर्थ बदलला. (स्पॉयलर म्हणून ओरडू नका, २००९ चं पुस्तक आहे बावा.) तर विचारायचं हे की परत आलेली गोष्ट हिरोला ह्या वेळी काही वेगळं महाग पडली का. तेवढंच महाग पडली असेल तर कॉपी.

हिरोच बदलला तर? पहिल्या भागाचा जीव की प्राण असलेला माणूस गायब आणि शंभर पानं कोणीतरी दुसरीच पोरगी बोलून राहिली, यावर सगळ्यात जास्त रडारड होते. इथे मी लेखकाच्या बाजूनं उभी राहते. उर्सुला ल ग्विनच्या अर्थसी सिरीजचा पहिला भाग १९६८ चा, त्यात गेड नावाचा जादूगार पोरगा, बेटाबेटांवरून होडीतून फिरणारा. दुसरा भाग द टूम्ब्स ऑफ अतुआन, १९७१ मधला, उघडला की एक लहान मुलगी, वाळवंटातलं देऊळ, जमिनीखालचे अंधारे बोगदे, समुद्र नाही, होडी नाही आणि गेड तर बराच वेळ दिसतही नाही. दिसतो तेव्हा त्या मुलीच्या नजरेतून, एक चोर म्हणून. फिलिप पुलमनच्या हिज डार्क मटेरियल्स सिरीजचं पण तसंच, १९९५ च्या पहिल्या भागात लायरा नावाची मुलगी आणि तिचं जग, आणि १९९७ चा द सटल नाइफ सुरू होतो आपल्या जगातल्या विल नावाच्या मुलापासून. दोन्ही ठिकाणी सुरुवातीला चिडचिड होते, होऊ द्या. नवीन माणसाला साठ-सत्तर पानं द्या आणि मग स्वतःला विचारा, ह्या माणसाला काय पाहिजे ते मला कळलं का? कळलं असेल आणि तरी तुम्ही फक्त जुन्या हिरोची वाट पाहून राहिला असाल, तर दोष पुस्तकाचा नाही.

एक छोटा रोग राहिला, हसरा मित्र. पहिल्यात जो सतत टोमणे मारायचा तो दुसऱ्यात खांब झाल्यासारखा गप्प. पहिल्यात त्याच्या घरचं कोणी मेलं असेल तर गप्प होणारच तो, आणि ते दुःख पानावर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर लेखक त्याला विसरला.

लिहिणाऱ्याची बाजू पण पाहा, पण फार नाही

पहिलं पुस्तक बहुतेक वेळा कोणी मागितलेलं नसते. लेखक ते नोकरी करता करता, कॉलेज करता करता पाच-सात वर्षं घासत बसलेला असतो, दहा ठिकाणून नकार येतात, परत लिहितो. गाजलं की करार होतो, तारीख ठरते, आणि दुसरं पुस्तक एका-दोन वर्षात द्यायचं असते, त्यात मधे पहिल्याच्या प्रचारासाठी फिरणं आणि लाखो वाचकांची मतं कानावर पडणं. एरागॉन ह्या ड्रॅगनवाल्या फँटसीच्या क्रिस्टोफर पाओलिनीनं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, २००२ मधे घरच्यांनीच पुस्तक छापलं, २००३ मधे मोठ्या प्रकाशकानं काढलं. मग दुसरा भाग २००५, तिसरा २००८, आणि तीन भागात संपणार म्हटलेली गोष्ट तिसऱ्यातही मावली नाही म्हणून चौथा २०११. म्हणजे ज्यानं पहिला भाग पंधराव्या वर्षी वाचला त्याच्या हाती शेवट तेविसाव्या वर्षी आला. सिरीज लिहिता लिहिता फुगते ती अशी, आणि ते फुगणं मधल्या भागात सगळ्यात जास्त जाणवते, कारण लेखकाला स्वतःलाच तेव्हा कळून राहिलं असते की हे मावणार नाही.

हे माहीत असलं की दुसऱ्या भागाच्या आधी पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या तारखा पाहायची सवय लावा. फार लवकर आलेला दिसला तर अपेक्षा थोडी खाली घेऊन उघडा. पण लेखक घाईत होता म्हणून मी पाचशे रुपये का घालवू हा प्रश्न पण बरोबर आहे, बिचारा बिचारा करत बसू नका.

ठरवायचं कसं

चिठ्ठी झाली, रोग कळला. आता एकच रोग असेल आणि चांदण्या पण असतील तर पुस्तक सोडू नका, चाळून वाचा. चाळायची पण रीत आहे. कंटाळ्याच्या चॅप्टरचं पहिलं पान, मग फक्त डायलॉग, मग शेवटची दोन पानं. असं करत तीन चतुर्थांशपर्यंत या आणि शेवटचा चतुर्थांश पूर्ण वाचा, कारण मधल्या भागात लेखक खरी ताकद तिथेच लावतात, पुढचं पुस्तक विकायचं असते ना.

दोन-तीन रोग आणि एकही चांदणी नाही, तर ठेवा खाली. अर्ध्यात सोडलं म्हणून कोणी कान पिळत नाही. पण घाण वाटते म्हणून लगेच विकायला नेऊ नका. बर्डीवर, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुटा दुसरा भाग घेऊन गेलात तर दुकानदार तुमच्याकडे असा पाहतो की आपणच लाजतो, कारण मधला भाग एकटा कोण घेणार, पूर्ण सेट असला तर बोलणं तरी होते. तिसरा येईपर्यंत थांबा. आणि ज्यांना पुस्तक अजून घ्यायचंच आहे त्यांनी दुसऱ्या भागाची तरी प्रीऑर्डर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ई-बुकचं फ्री सॅम्पल मिळते, तेवढं वाचा, नाहीतर मैत्रिणीची कॉपी येऊ द्या, नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत मागणी लिहून ठेवा, विचारायला पैसे लागत नाहीत.

आणखी एक रस्ता आहे जो लोक विसरतात, पहिलाच भाग शेवटचा मानायचा. काही पहिले भाग असे लिहिलेले असतात की गोष्ट तिथे पुरी होते, फक्त शेवटच्या पानावर एक दार उघडं ठेवलेलं असते. ते शेवटचं पान सोडून द्या. माझ्या कपाटात असे दोन पहिले भाग आहेत ज्यांचे पुढचे मी घेतलेच नाहीत.

ग्रुपवर काय लिहायचं

पहिल्या रात्री काही लिहू नका, रागात माणूस शेवट फोडून टाकतो. लिहाल तेव्हा दोन वाक्यं वेगळी ठेवा, मला काय आवडलं नाही आणि पुस्तकात काय फसलं. "मला राजकारण वाचायला आवडत नाही" हे पहिलं, "तीनदा तीच मीटिंग होते आणि निर्णय एकही होत नाही" हे दुसरं. पहिल्यावर वाद होत नाही, दुसऱ्यावर मस्त होते, आणि रविवारी सकाळी तर्री-पोहे खाता खाता घालायला तोच वाद चांगला. लेखिकेला टॅग करून शिव्या घालू नका, तिला तिथे बोलावून सांगायची काय गरज आहे.

लहान भावाबहिणीचं वेगळं. बारा वर्षाचा पोट्टा पहिला भाग संपवून डोळे चमकवत दुसरा मागायला आला की लगेच "बेकार आहे" म्हणून मोकळे होऊ नका. तुम्हाला जे संथ वाटलं ते त्याला कदाचित आवडेल, किंवा त्याला त्या संथ दोनशे पानांनी अजिबात फरक पडणार नाही कारण त्याला फक्त ड्रॅगन पाहिजे आणि ड्रॅगन आहे. विचारलं तर एवढंच सांगा की मधे थोडं हळू आहे, दम धर. कोण मरते ते सांगायचं नाही, तो कितीही मागे लागला, संत्रा बर्फीची लाच दिली तरी नाही.

आणि ज्या मैत्रिणीला दुसरा भाग जीव की प्राण वाटला तिच्याकडून तिच्या चांदण्या मागून घ्या. तिची चिठ्ठी आणि तुमची चिठ्ठी जवळ ठेवून पाहिलं की बऱ्याचदा दिसते की दोघी एकाच सीनबद्दल बोलून राहिल्या, एकीला तो सीन लांब वाटला आणि दुसरीला तो संपूच नये असं वाटलं. असं झालं की अर्धा तास बोलायला विषय मिळते, खापरीपासून बर्डीपर्यंतचा मेट्रोचा प्रवास त्यातच जाते.

तिसरा भाग जाहीर झाला की

तारीख आली म्हणून नाचू नका आणि "आता वाचणारच नाही" म्हणून शपथा पण घेऊ नका. चिठ्ठी जपून ठेवली असेल तर काढा. सॅम्पल आलं की पहिले तीन चॅप्टर वाचा आणि फक्त तुमचा मुख्य रोग पाहा. मीटिंगवाल्या पुस्तकाचा तिसरा भाग पहिल्याच चॅप्टरमधे परत मीटिंगनं सुरू होत असेल तर तुमचे पैसे वाचले. ताईतवाली पोरगी परत बाजारात उभी दिसली, किंवा जादूला परत किंमत लागली, तर घ्या. दुसरा अर्धवट सोडला असेल तर तो पूर्ण वाचायच्या मागे लागू नका, त्याचा शेवटचा चतुर्थांश वाचा आणि मधलं काय झालं ते ज्या मैत्रिणीला आवडलं होतं तिच्याकडून ऐका, तिला सांगायला आवडेल पण. तिसरा वाचून सगळं जुळलं असं वाटलं तर मग मधला भाग एकदा सुरुवातीपासून वाचून पाहा, सुट्ट्या असतील तर. नाही जुळलं तर तिन्ही एकत्र बांधा आणि बर्डी गाठा, सेटला भाव मिळते.